तीन रेघा आणि एक टिंब

प्रिय भिंगरी,

तुझं खोकं पोचलं. खोक्याबरोबरचा कागदही पोचला. कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा खालच्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडून वाचून घेतला, कारण दुसरी पास बाईला तुमच्या वकिलांची वाक्यं एका दमात झेपत नाहीत. त्यात लिहिलंय ते एवढंच ना, की तुमच्या कंपनीचा हा नवा अँप्लिफायर 'जुन्या कारागीर बाईंच्या पद्धतीने आणि पसंतीने' तयार झालाय, ती बाई म्हणजे मी, आणि कारखान्यातली माझी खूण तुम्ही त्याच्या तोंडावर सोनेरी रंगात छापणार? खाली माझी सही. रविवारी तू फोटोवाल्याला घेऊन येणार, मी त्या खोक्यावर हात ठेवून हसायचं, आणि सोमवारी तू तुमच्या जाहिरात विभागाची प्रमुख होणार. तू लिहिलंयस, आजी, फक्त एक सही, माझं सगळं तिच्यावर अडलंय. अडलंय हे कळलं. सहीचं सांगते. पण आधी खोक्याबद्दल बोलू दे, नाहीतर माझं पोट दुखेल.

खोक्यात खोकं, त्यात आणखी एक खोकं, मग काळं मखमली फडकं. तान्ह्या बाळाला कुणी इतकं गुंडाळत नाही. वर एक गुळगुळीत पुस्तक, त्यात धुरकट फोटो आणि पानोपानी 'वारसा, वारसा'. माझ्या समजुतीप्रमाणे वारसा म्हणजे मेलेल्याच्या वस्तू जिवंतांनी आपसांत वाटून घेणं. त्या अर्थाने शब्द बरोबर आहे, बदलू नका. आणि ते पांढरे हातमोजे कशाला गं? यंत्राला हात लावायला हातमोजे! आम्ही ज्या हातांनी तुमच्या कंपनीचं नाव केलं, त्या हातांना तारेच्या चिरा असायच्या आणि नखांत वार्निश. मोज्यांचा उपयोग केला मी. ते घालून संडास धुतला.

बटण दाबलं तर दिवा लागला, आवाज नाही. म्हणे आधी फोन जोडा. माझा फोन बोलण्यापुरता, म्हणून रेडिओवाल्याने स्वतःच्या फोनवर काहीतरी उतरवून घेतलं. मग त्या खोक्याने त्याचा पत्ता विचारला, जन्मतारीख विचारली, आणि फोनमधले सगळ्यांचे नंबर बघू का म्हणून परवानगी मागितली. गाणं ऐकवायला याला शेजाऱ्यापाजाऱ्यांचे नंबर कशाला? वाटीभर साखर उसनी मागणार आहे? शेवटी एकदाचं गायला लागलं. आवाज फुगवलेला. खाली ढबढब, वर किणकिण, आणि मधलं माणूस गायब. गाणारी बाई जणू शेजारच्या खोलीत तोंडावर उशी घेऊन गातेय. काचेमागे दोन काटे आहेत ना, आवाजाबरोबर नाचणारे, ते मला आवडले होते. आवाज पूर्ण बंद केला, तरी नाचतच राहिले. रेडिओवाला म्हणाला, आजी, हे काटे आवाजाला जोडलेलेच नाहीत, हे आपले हौसेने नाचतायत. आणि ते गोल बटण! फिरवावं तर फिरतच राहतं, त्याला आदि ना अंत. आमच्या बटणाला शेवट होता. शेवटाला गेलं की बोटांना कळायचं, बास.

एक मात्र कबूल करते. खोकं उचलताना मला बरं वाटलं होतं. चांगलं नऊ-दहा किलोचं धूड. मनात म्हटलं, बाकी सोंगं असतील, पण आत तांबं आहे, लोखंड आहे, कुणीतरी बसून तार गुंडाळली आहे. तीस वर्षं मी तेच केलं, मला वजन कळतं. म्हणून म्हटलं, उघडून बघू. स्क्रू चांदणीच्या आकाराचे, साध्या पेचकसाने उघडू नयेत म्हणून मुद्दाम तसले. रेडिओवाल्याकडे हत्यार होतं. झाकण काढलं. कोपऱ्यात फोनच्या चार्जरएवढी एक पाटी. बाकी सगळी मोकळी जागा, उंदरांनी संसार थाटावा इतकी. आणि तळाला एक लोखंडाची लादी, डिंकाने चिकटवलेली. तिला एक तार येत नाही, तिच्यातून एक तार जात नाही. रेडिओवाल्याने विचारलं, आजी, ही कशाला? मी म्हटलं, वजनाला. त्याला आधी थट्टा वाटली. मग त्याने लादी नखाने खरवडली, उलटी करून पाहिली, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. म्हणाला, असलंच आपण दुरुस्त करायचं का यापुढे?

दुधात पाणी घालणारे मी पाहिले. शेंगांच्या पोत्यात खडे घालणारेही पाहिले. पण रिकामं भांडं भरल्यासारखं वाटावं म्हणून त्याच्या बुडाला लोखंड चिकटवणारे तुम्हीच. बडा घर पोकळ वासा म्हणतात, त्यात वासा पोकळ असला तरी निदान खराखुरा असतो. लादी मी काढून घेतली आहे. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटायचं, आता आपटत नाही. त्या एवढ्या खोक्यात तेवढी एकच वस्तू कामाची निघाली, हे तुझ्या साहेबांना माझ्यातर्फे सांग.

तुझे ते साहेब! गोड बोलले हो फोनवर. म्हणाले, आजी, तुम्ही म्हणजे दंतकथा आहात. मी म्हटलं, दंत गेले, कथा तेवढी उरली आहे. हसले, पण हसण्याच्या आधी थोडं थांबले, म्हणजे कुणीतरी शेजारून खूण केली असणार. मग मला तीच कहाणी सांगितली जी तू त्यांना सांगितलीस: आमच्या कारखान्याचे गाण्याचे जुने सेट जमवणारे लोक आहेत, ते सेटच्या आतल्या ठोकळ्यावरचं झाकण काढून आत तीन रेघांची खूण शोधतात, ती सापडली की लहान मुलासारखे नाचतात, आणि ती खूण कुणाची हे इतकी वर्षं कुणाला माहीत नव्हतं. तू बैठकीत उठून म्हणालीस, ती माझी आजी. तुला अभिमान वाटला, त्यात वाईट काही नाही. पण भिंगरी, बोट धरून कुणाला घरात आणायचं, तर आधी घर झाडलंय का ते विचारावं.

कारखान्याचं मी तुला कधी धड सांगितलं नाही. तू विचारायचीस, मी काहीतरी विनोद करून उडवून लावायची. तर ऐक. आमच्या लांब खोलीत अठरा बायका होतो. पाठ नसलेली स्टुलं, डाव्या हाताला तारेचं रीळ, उजव्या हाताला फिरवायचं चाक. तांब्याची केसासारखी तार गुंडाळायची, थरावर थर, दर थरामध्ये कागद. मग पातळ लोखंडी पत्र्या एकात एक घट्ट बसवायच्या, वार्निशात बुडवायचं, भट्टीत वाळवायचं, परत बुडवायचं, परत वाळवायचं. लोक त्याला ट्रान्सफॉर्मर म्हणतात, आम्ही ठोकळा म्हणायचो. भिंतीतली वीज आधी ठोकळ्यात येते आणि मग पुढे सेटला मिळते. ठोकळा म्हणजे त्या घराची सासू, तिच्या हातूनच सगळ्यांना वाढलं जायचं. पत्री सैल राहिली किंवा वार्निश आतपर्यंत पोचलं नाही की ठोकळा घोंगावतो. आम्ही त्याला माशी म्हणायचो. माशी आहे, माशी नाही, एवढीच आमच्या खोलीची परीक्षा. हातभर लाकडी काठी असायची, तिचं एक टोक ठोकळ्यावर आणि दुसरं कानामागच्या हाडावर टेकवायचं. माशी कितीही बारीक असो, काठीतून अशी ऐकू यायची की जणू डोक्यातच बसलीय.

थोरले मालक स्वतः काठी घेऊन फिरायचे. सुरुवातीला एकदा माझा ठोकळा त्यांनी ऐकला, दोन्ही तळहातांनी हवेत टाळी वाजवून माशी मारल्यासारखं केलं आणि पुढे गेले. अख्खी खोली फिदीफिदी हसली. मी तो ठोकळा रडतरडत उसवला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं माझ्या ठोकळ्यावर त्यांनी टाळी वाजवली नाही. खुणेचा नियमही त्यांचाच. झाकणाच्या आत नखाएवढी कागदाची चिठ्ठी चिकटवायची आणि त्यावर ज्या बाईचं काम तिची खूण. नाव मावायचं नाही आणि निम्म्या जणींना लिहिताही यायचं नाही. कुणी मासा काढायची, कुणी चांदणी, एक तर नवऱ्याच्या मिशा काढायची. माझ्या तीन उभ्या रेघा. आणि रेघांच्या खाली एक टिंब. रेघा म्हणजे गुंडाळलं मी. टिंब मी नंतर द्यायची, काठी लावून ऐकल्यावर. टिंब म्हणजे ऐकलं, माशी नाही. हे कुणाला सांगितलेलं नव्हतं, माझा माझ्याशी ठराव होता.

थोरले गेले. धाकटे मालक आले. धाकट्यांना कान नव्हते, चष्मा अडकवायला दोन बाजूंना सोय होती नुसती. त्यांनी बाहेरच्या पेटीला चकाकी आणली, जाहिराती वाढवल्या, आणि आत हात घातला. तार एका नंबरने बारीक. पत्र्या मोजून दहा कमी. वार्निशात दोनदा बुडवायचं ते एकदाच. पेटीवर नाव तेच, कारण नावाला वार्निश लागत नाही. मी मुकादमाला म्हटलं, माशी येणार. तो म्हणाला, बाई, लोकांच्या घरी जाऊन काठी कोण लावणार आहे? मी म्हटलं, माशीला काठी कशाला, माणसाला कान असले की पुरतं. आणि चाक सोडून बसून राहिले. मी बसले म्हणून बाकीच्या सतरा जणीही बसल्या. असे तीन दिवस. तुझा ऊर भरून येत असेल, तर जरा थांब.

चौथ्या दिवशी सकाळी खिडकीजवळ एक खुर्ची होती. पाठ असलेली, हात असलेली, वर गादी. मुकादम एवढंच म्हणाला, बाई, तुमची पाठ दुखते ना हल्ली.

मी बसले.

मुलं उपाशी नव्हती, तुझे आजोबा कमावत होते, कुणी मला धमकी दिली नव्हती. पाठ दुखायची, खुर्ची बरी होती. सतरा जणींनी माझ्याकडे पाहिलं आणि माना खाली घालून बारीक तार गुंडाळायला घेतली. मिशा काढणारी तेवढी चहाच्या सुट्टीत जाताजाता म्हणाली, गादी मऊ आहे का गं? मी म्हटलं, आहे.

त्या दिवसापासून काठी कानाला लावणं सोडलं. ऐकायचंच नाही, म्हणजे खोटं बोलावं लागत नाही. तीन रेघा ओढायची, टिंब द्यायची नाही. माझ्या मनाला मोठा प्रामाणिकपणा वाटायचा तो. जी भाषा जगात आपल्या एकटीलाच कळते, त्या भाषेत खरं बोलायचं. याच्याइतका फुकटचा प्रामाणिकपणा दुसरा नाही. त्या खुर्चीवर मी शेवटपर्यंत बसले, कारखाना बंद पडून नुसतं नाव विकलं गेलं त्या आठवड्यापर्यंत. ते नाव हिंडतफिरत आता तुझ्या साहेबांकडे आलंय.

मला कामावर लागून पंचवीस वर्षं झाली तेव्हा कंपनीने एक सेट भेट दिला. हार, टाळ्या, सगळं. घरी आणला, तुझ्या आजोबांनी कौतुकाने पुसला, लावला, आणि मला स्वयंपाकघरात माशी ऐकू आली. दुसऱ्या दिवशी ते बाहेर गेल्यावर झाकण काढलं. तीन रेघा, टिंब नाही. माझंच काम मला टाळ्यांसकट परत आलं होतं. सांगायचं होतं तेव्हाच. त्याऐवजी झाकण लावलं.

काही महिन्यांनी ते म्हणाले, गाणं लावलं की कानात काहीतरी घोंगावतंय गं. मी म्हटलं, वय झालं. वैद्य झाले, डॉक्टर झाले. औषधाचे थेंब आले. तुला आठवत असेल, तू स्टुलावर उभी राहून त्यांच्या कानात थेंब टाकायचीस आणि मोठ्या बाईसारखी दटावायचीस, हलू नका हो आजोबा, सांडेल. ते डोळे मिटून, मान वाकडी करून गुपचूप बसायचे. तू तेव्हा सात वर्षांची. नऊ वर्षं चाललं ते. थेंब तीनदा बदलले. सेट बंद असला की कान ठीक असायचे, पण सेटवर संशय घ्यायचं त्यांच्या मनात कधी आलं नाही, कारण तो त्यांच्या बायकोच्या हातचा होता. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आतलं सगळं हिनेच केलंय. शेवटी गाणी ऐकणं सोडूनच दिलं त्यांनी. म्हणाले, कानच गेलेत, कशाला उगीच गाणाऱ्यांना बदनाम करा. त्यांच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं, भिंगरी. मी शेजारी बसून भाजी निवडत होते. एक वाक्य बोलायचं होतं. त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली, वाक्य माझ्याकडेच आहे. तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

मागच्या सुट्टीत तू तोच सेट उघडून आतल्या चिठ्ठीचा फोटो काढलास. तोच तुमच्या या नमुन्याच्या खोक्यावर आलाय. तीन सोनेरी रेघा, खाली काही नाही. साहेब फोनवर सांगत होते, टिंबवाली खूण बरीच सापडते, बिनटिंबाची फार दुर्मिळ, जमवणारे तिच्यासाठी जीव टाकतात, ती म्हणे आधीची आणि शुद्ध. दुर्मिळ असणारच. बाकीचे जळाले. बारीक तार तापते, तापली की दोन-चार वर्षांत जळते, लोक सेट भंगारात टाकतात. वाचले ते मौल्यवान झाले. या जमवणाऱ्यांनी एकदा तरी वीज देऊन ऐकलं असतं, तर माशीने सांगितलं असतं. पण ते ऐकत नाहीत, झाकण काढून बघतात. तुमच्या कंपनीला साजेसं गिऱ्हाईक आहे.

आता सही. केली आहे. कागद याच पाकिटात आहे. नाही म्हणायचं ठरवलं होतं, पेनाला टोपणही लावलं होतं. मग वाटलं, मी नाही म्हटलं की तू चार लोकांत सांगशील, आमची आजी तत्त्वाची, आणि ते तुमच्या लोखंडी लादीपेक्षा जड खोटं होईल. शिवाय त्या खोक्यावर ती खूण अगदी योग्य आहे. केलं, पण ऐकलं नाही, असा तिचा अर्थ. तुमच्या त्या गुळगुळीत पुस्तकात आणि वकिलांच्या कागदात शोधलं, तेवढी एकच गोष्ट खरी सापडली. हे पत्र मात्र सहीसाठी लिहिलेलं नाही, सही दोन मिनिटांचं काम. पत्र लिहायला मला चार दिवस लागले, आणि ते एवढ्यासाठी लिहिलं की खुर्चीत बसताना मला सगळं ठाऊक होतं, आणि तुला काही ठाऊक नव्हतं. आता आहे. प्रमुख होऊ नकोस असं सांगायला मी कोण? पण मला कुठे माहीत होतं, असं पुढे कधी म्हणायची सोय तुला राहिली नाही, ती मी काढून घेतली. कागद साहेबांना दे, की हे पत्र दे, की दोन्ही फाडून टाक, मी विचारणार नाही. रविवारी मात्र ये. मी चहा दोन कपांचा टाकीन. तुझ्या मागे दारात फोटोवाला उभा असला तर त्यातच पाणी घालून तीन करीन, आणि तिघंही तो चांगला झालाय म्हणून पिऊ.

तुझीच,
आजी